मुका मार

सोमवार, ६ फेब्रुवारी

आले एकदाची. दोन बॅगा, एक उशी आणि रक्तदाब मोजायचं माझं जुनं यंत्र एवढा संसार घेऊन भर दुपारी दारात उभी राहिले, तर दार काही उघडेना. ढकलून पाहिलं, ओढून पाहिलं. शेवटी आतून कुणीतरी ओरडलं, की कडीच्या वर तळहाताने एक सणसणीत ठेवून द्या. दिली ठेवून. दार इतकं अलगद उघडलं, की मी बॅगांसकट आत कोसळता कोसळता वाचले. पहिल्याच दिवशी हसं झालं, पण संकोचही गेला.

या घरातली सगळी दारं, खिडक्या, खण असेच आहेत. केसभर फट नाही. खाली लाकडी पेट्यांचा कारखाना, वर घर. मला दोन खिडक्यांची खोली मिळाली आहे. सतरा वर्षं चाळीस-चाळीस रुग्णांमागे धावून माझ्या टाचा झिजल्या. आता एकच रुग्ण आणि बसायला खुर्ची. टिल्लीची खाट कुठे लावायची तेही ठरवून टाकलं. वार्षिक परीक्षा होईपर्यंत ती मावशीकडे राहील, मग माझ्याकडे. दहा वर्षांच्या पोरीला सोडून येताना माझाच पाय निघत नव्हता. ती मात्र मावशीकडचा टीव्ही मोठा आहे म्हणून खुशीत.

रुग्ण म्हणजे या कारखान्याचे मालक. त्यांना सगळे मिस्त्रीच म्हणतात. सहासष्ट वर्षांचे, खांदे अजून दाराएवढे, आवाज मात्र बसलेला, घोगरा. रक्तदाब जास्त आहे, जिना चढताना धाप लागते. त्यांची मुलगी कारखान्याचा सगळा कारभार बघते, तिला वडिलांकडे बघायला वेळ नाही, म्हणून मी. तिला मी ताई म्हणायचं ठरवलं. मिस्त्रींनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, नर्स मागवली होती, हवालदार आला. आमचं जमणार.

गुरुवार, ९ फेब्रुवारी

आज कारखाना पाहिला. आठ माणसं काम करतात. सूक्ष्मदर्शकासारख्या नाजूक यंत्रांसाठी पेट्या बनवतात. खिळा नाही, सरस नाही. एका फळीचे दाते दुसऱ्या फळीच्या खाचांत बसवायचे आणि करंगळीखालच्या जाड मांसल भागाने फाडकन फटका मारायचा. जोड बसला की पुन्हा सुटत नाही. हातोडी कारखान्यात आणायलाही बंदी. हातोडीचा वळ लाकडावर उठतो, हाताचा उठत नाही, असं मिस्त्रींचं म्हणणं.

लाकडावर उठत नसेल, हातावर उठतो. त्या आठांतले सगळ्यांत जुने, मुकादम, त्यांनी घाम पुसायला हात वर केला तेव्हा मला त्यांच्या तळहातावर गाठ दिसली. करंगळीच्या रेषेत, मनगटाच्या जरा वर, हरभऱ्याएवढी. बोट ठेवलं तर ती उडत होती. मी ओळीने आठही हात बघितले. आठही हातांवर तीच गाठ, तिथेच, तशीच उडणारी. हा प्रकार मला माहीत आहे. तिथून एक धमनी जाते, खाली हाड असतं. वर्षानुवर्षं तिथेच मुका मार बसला की धमनीची भिंत सैल पडते आणि फुगा धरते. मी त्यांना चांगलं फैलावर घेतलं. म्हटलं, आज गाठ आहे, उद्या त्यात रक्त गोठून बोटं काळी पडतील. मुकादम हसून म्हणाले, सिस्टरबाई, ती गाठ नाही, तो आमचा गंडा आहे, मिस्त्रींनी बांधलेला. बाकीचे खो खो हसले.

इथे नव्या माणसाचा पहिला फटका मिस्त्री स्वतः मारून घेतात. मी नर्स असले तरी सुटका नव्हती. त्यांनी माझा उजवा हात फळीवर ठेवला, वर आपला ठेवला आणि दोन्ही हात एकदम खाली आणले. झिणझिण्या कोपरापर्यंत गेल्या. पेटी बंद झाली. टाळ्या पडल्या. ती पेटी मला भेट म्हणून दिली, मी तिच्यात टिल्लीचे फोटो ठेवले आहेत. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. आपल्याला कुणी असं सामावून घेऊन किती वर्षं झाली.

बुधवार, १५ फेब्रुवारी

मिस्त्रींचा घोगरा आवाज मला पहिल्या दिवसापासून खटकत होता. सर्दी नाही, खोकला नाही आणि तीन महिने आवाज बसलेला. मी हात धुऊन ताईंच्या मागे लागले आणि छातीचा फोटो काढून घेतला. मग स्कॅन. आज सर्जननी बोलावलं होतं.

सर्जन तरुण आहेत, बोलताना कागदावर चित्र काढतात. त्यांनी मिस्त्रींना विचारलं, की पूर्वी कधी छातीवर जोराचा मार बसला होता का. मिस्त्री नाही म्हणाले. ताईंनी आठवण करून दिली. एकोणीस वर्षांपूर्वी फळ्यांची थप्पी घसरली होती आणि हे भिंत आणि थप्पी यांच्यामध्ये सापडले होते. हाड मोडलं नाही, ओरखडासुद्धा नाही. मुका मार म्हणून शेकलं आणि तिसऱ्या दिवशी कामाला लागले.

त्याच दिवशी काळजातून निघणारी मोठी धमनी आतून फाटली होती. बाहेरचा पातळ पापुद्रा तेवढा टिकला. एकोणीस वर्षं तो रक्ताच्या दाबाने फुगत आला, आता लिंबाहून मोठा झाला आहे आणि आवाजाच्या नसेवर दाबतोय. सर्जन म्हणाले, असे रुग्ण सहसा रुग्णालयाच्या दारापर्यंतही पोचत नाहीत, मिस्त्री इतकी वर्षं कशाच्या जोरावर चालले तेच कळत नाही. फुगा उद्या फुटेल किंवा दहा वर्षांनी फुटेल, पण फुटला तर कुणाच्या हातात काही नाही. शस्त्रक्रिया करून तो भाग कापायचा आणि कापडी नळी शिवायची.

मिस्त्री ऐकेनात. मी परतीच्या वाटेत त्यांची समजूत घातली, दटावलं, टिल्लीची शपथ घातली. शेवटी कबूल झाले. ताईंनी माझे हात धरले आणि म्हणाल्या, तुम्ही नसता तर आम्हाला पत्ताच लागला नसता. तोवर नाडी आणि दाब कमी ठेवायला गोळी सुरू केली आहे. सकाळी एक, संध्याकाळी एक.

रविवार, १९ फेब्रुवारी

टिल्ली दोन दिवस राहून गेली! बहीण घेऊन आली होती. मिस्त्री आणि टिल्लीची लगेच गट्टी जमली. तिने त्यांना विचारलं, तुमचा आवाज असा बेडकासारखा का, आणि मी जमिनीत गडप व्हायच्या बेतात असताना ते पोट धरून हसले. ती दिवसभर कारखान्यात भुशात लोळत होती.

आज निघताना मिस्त्रींनी तिलाही पहिला फटका मारू दिला. तिचा एवढासा हात त्यांच्या हाताखाली दिसेनासा झाला होता. फटका बसल्यावर तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण रडली नाही. मिस्त्री डोळे मिटून म्हणाले, आज छाती किती मोकळी वाटतेय. मी फोटो काढला. ताई बाजूला उभ्या राहून बघत होत्या. हसत म्हणाल्या, की बाबांनी मला आयुष्यात एकदाही पेटीला हात लावू दिला नाही, म्हणायचे पोरीच्या हाताला घट्टे पडतील. परक्या पोरीचे मात्र लाड.

गुरुवार, २३ फेब्रुवारी

माझ्या तळहातावर गाठ आली आहे. मुगाएवढी. एका फटक्याने असं होत नाही, मी सतरा वर्षांत पाहिलेलं नाही. दारं-खण उघडताना रोज हात आपटतो, त्याने आली असेल म्हणून दिवसभर मनाची समजूत काढली.

पण एक गोष्ट मला उलगडत नाही. सकाळी सवयीने मनगटावर नाडी मोजली, एकोणऐंशी. गाठीवर बोट ठेवून मोजली, अठ्ठावन. एकच हात, एकच रक्त, दोन बोटांचं अंतर. ठोका चुकतोय म्हणून पाचदा मोजलं. मनगट आपल्या चालीने धावतंय आणि गाठ तिच्या चालीने, शांत, दमाने. दोन घड्याळं शेजारी टांगल्यासारखी.

अठ्ठावन हा आकडा मी आज आधीच एकदा लिहिला होता. गोळी लागू पडली म्हणून खूश होऊन, मिस्त्रींच्या तक्त्यावर.

सोमवार, २७ फेब्रुवारी

मुकादमांना चहाच्या वेळी बाजूला घेतलं, दाब मोजायचाय म्हणून. मनगट चौऱ्याऐंशी, गाठ अठ्ठावन. मग एकेक करून सगळे आठ. मनगटं आठ तऱ्हांची. गाठी आठही अठ्ठावन. दोघांचे हात शेजारी धरले तर गाठी एकदम वर येत होत्या, एकदम बसत होत्या.

मग वर जाऊन मिस्त्रींचं मनगट उजव्या हाताने धरलं. माझ्या बोटांखालचा ठोका आणि माझ्याच तळहातातला ठोका एकच होता. मी हात झटकला. त्यांनी विचारलं, काय झालं. मी म्हटलं, मुंग्या आल्या. त्यांनी आपला हात पांघरुणाखाली घेतला.

गोळी सुरू करण्याआधी त्यांची नाडी पंच्याहत्तरच्या घरात होती, चारचौघांसारखी. म्हणून आजवर कुणाच्या लक्षात आलं नाही. मीच आणून दिली ती गोळी.

बहिणीला फोन केला. टिल्लीचा उजवा तळहात बघ म्हटलं. ती म्हणाली, हो गं, फोड आलाय बारीक, उडतो मजेशीर, ती शाळेत सगळ्यांना दाखवत फिरते.

गुरुवार, २ मार्च

लिहायलाच हवं, नाहीतर उद्या मीच म्हणेन असं काही झालं नाही.

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. मिस्त्री न्हाणीघरात उठताना घेरी येऊन पडले. मी दारातच होते. त्यांची मान धरून नाडी बघितली. नाही. मी मोजायला लागले. चौथ्या आकड्याला माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली, गुडघे वाकले, कान बंद झाले. आठव्याला त्यांची नाडी आली आणि मला श्वास आला.

खालून आवाज येत नव्हता. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कारखान्यात शांतता. मी कठड्याला धरून खाली बघितलं. आठही जण जिथल्या तिथे पडले होते. मग एकेक जण उठून बसला, कपड्यांवरचा भुसा झटकला आणि पुन्हा फळी हातात घेतली. मुकादमांनी फक्त वर बघितलं.

दुपारी बहिणीचा फोन. घाबरू नकोस म्हणाली आणि मग सांगितलं. टिल्ली वर्गात चक्कर येऊन पडली, फळ्याजवळ. आता ठीक आहे, खाल्लं नसेल नीट. मी विचारलं, किती वाजता. ती म्हणाली, अकराच्या सुमाराला, बाई म्हणाल्या सव्वाअकराच्या आत.

शनिवार, ४ मार्च

मुकादम बोलले. आपणहून. थप्पी पडली त्या दिवशी फळ्या उचलायला तेच पुढे होते. मिस्त्री निळे पडले होते. मुकादमांनी हात दिला, तो मिस्त्रींनी घट्ट पकडून फळीवर दाबला आणि उठून बसले. आठ दिवसांत मुकादमांना गाठ आली. त्यानंतर जो कामाला लागला त्याचा पहिला फटका मिस्त्री मारून घेऊ लागले. तोवर अशी रीत नव्हती.

मी म्हटलं, कापून टाकू. ही शस्त्रक्रिया मोठी नसते, फुगा काढायचा आणि पायातल्या शिरेचा तुकडा जोडायचा. ते म्हणाले, डावखुऱ्याने केलंय. खाली खिडकीजवळ बसतो तो. मोठ्या रुग्णालयात जाऊन गाठ काढून आला, पायाची शीर बसवली, टाके दाखवत फिरला. नवव्या दिवशी ती शीर त्याच जागी फुगली आणि उडायला लागली. तिथले सर्जन म्हणाले, दुर्दैव.

मी विचारलं, मग इतकी वर्षं गप्प कसे बसलात. ते म्हणाले, मिस्त्री ठणठणीत होते तोवर आम्हाला कुठे काय होत होतं. आता बोलून तरी काय होणार, सिस्टरबाई.

सोमवार, ६ मार्च

मिस्त्रींना सरळ विचारलं. नाकारलं नाही. घोगऱ्या आवाजात हळूहळू सगळं सांगितलं. म्हणाले, त्या दिवशी छातीत काहीतरी सुटलं आणि मी चाललो हे मला कळलं. हात मिळाला आणि ते धरलं गेलं. मग दर दोन-तीन वर्षांनी छाती जड व्हायची, नवा माणूस घेतला, फटका मारून घेतला, की हलकी व्हायची. थोडं थोडं वाटून दिलं. कुणाला जास्त भार नको म्हणून हिशेबाने वाटलं, असंही म्हणाले. जणू प्रसाद.

मी ओरडले, माझ्या लेकीचा हात कशाला घेतलात. स्वतःची मुलगी जपून ठेवलीत ना! ते रडले. एवढा मोठा माणूस हुंदके देऊन रडला. म्हणाले, मला जगायचंय गं. पोर समोर आली, हात पुढे केला तिने, मला आवरलं नाही.

त्यांची उशी माझ्या हाताशी होती. एक क्षण माझ्या मनात आलं. आणि माझ्या तळहातात त्यांचं काळीज उडत होतं, टिल्लीच्याही. मी उशी झटकून त्यांच्या पाठीशी लावली, औषध दिलं. त्यांना जपण्यावाचून मला गत्यंतर नाही. हे त्यांना माहीत आहे.

बुधवार, ८ मार्च

नवा स्कॅन. फुगा तीन आठवड्यांत चार मिलिमीटरने वाढला. सर्जन म्हणाले, थांबता येणार नाही. मंगळवार, चौदा तारीख.

त्यांनी पुन्हा चित्र काढलं. फाटलेली जागा मानेकडे जाणाऱ्या धमन्यांना अगदी चिकटून आहे. जांघेतून आत सोडायची नळी तिथे धरणार नाही. छातीच उघडायची. काळजाऐवजी रक्त फिरवणाऱ्या यंत्रावर घेऊन अंग हळूहळू गार करायचं, अठरा अंशांपर्यंत. मग काळीज थांबवायचं, यंत्रही थांबवायचं. अंगात कुठेच रक्त वाहणार नाही. त्या वेळात नळी शिवायची.

मी विचारलं, किती वेळ.

ते म्हणाले, वीस ते पंचवीस मिनिटं. गार शरीराला तेवढं झेपतं.

आम्ही गार नाही. आठ आकड्यांत आम्ही जमिनीवर होतो.

शुक्रवार, १० मार्च

सर्जनना सगळं सांगितलं. माझा हात त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी मोजलं, दोन्हीकडे. कपाळाला आठी पडली, पण दुसऱ्याच क्षणी म्हणाले, फुग्यात रक्त घुटमळतं, काही ठोके बोटाला लागत नाहीत. तुम्ही दमला आहात, मिस्त्रींचं झालं की तुमची गाठही काढून देऊ. चांगला माणूस आहे. मी त्यांच्या जागी असते तर हेच म्हटलं असतं.

शस्त्रक्रिया थांबवा म्हणून ताईंच्या पाया पडले. त्या हादरल्या. म्हणाल्या, सिस्टर, तुम्हीच तर आम्हाला तयार केलंत. आता बाबांना फुटायची वाट बघत ठेवू? त्यांच्या हातावर गाठ नाही. त्यांना काय सांगणार.

आणि त्या खरंच बोलल्या. नाही केली तरी फुटणार. आज, उद्या, जेवताना. त्याला तर तारीखही नाही.

कारखान्यात गेले. मुकादमांचा हात माझ्या हातावर ठेवून उलटा फटका मारून बघितला, परत जातं का म्हणून. दहा वेळा. हात सुजला. गाठ तशीच.

आठही जण हात चालवत होते. मंगळवारच्या आत दोन पेट्या द्यायच्या आहेत म्हणे.

रविवार, १२ मार्च

बहिणीशी भांडले, रडले, शेवटी ती टिल्लीला घेऊन आली. चक्कर येते तर मोठ्या डॉक्टरला दाखवू, एवढंच तिला सांगितलंय. मंगळवारी टिल्ली त्या इमारतीत हवी. डॉक्टर असतील, यंत्रं असतील, प्राणवायू असेल. पंचवीस मिनिटं छाती दाबायची असेल तर मी दाबेन. मला शुद्ध असेल तर. नसेल तर कोण—

टिल्लीला ती धडधड आता आवडत नाही. पेन धरला की मध्ये येते, झोपू देत नाही. आई, कधी जाणार गं हे, असं दर तासाला विचारते.

मी म्हटलं, मंगळवारी जाईल. काय बोलणार होते दुसरं.

सोमवार, १३ मार्च

मुलांच्या डॉक्टरांनी टिल्लीला तपासलं. काळीज उत्तम. ईसीजीची पट्टी उत्तम. गाठ बारीक आहे, सुट्टीत काढू. भरती करून घ्या म्हटलं तर म्हणाले, कशासाठी?

कशासाठी ते सांगितलं असतं तर मलाच भरती केलं असतं.

मिस्त्रींना आज भरती केलं. जाताना त्यांनी माझा हात शोधला. मी दिला नाही. मग दिला. अठ्ठावन.

मंगळवार, १४ मार्च

८:०५. आत नेलं. बाहेरच्या बाकांवर आठही जण येऊन बसले आहेत. धुतलेले कपडे, भांग पाडलेले. मुकादमांच्या बायकोने डबा दिलाय. ताई दाराशी उभ्या आहेत. टिल्ली माझ्या मांडीला टेकून चित्र काढते आहे. बहीण खाली केस पेपर करायला रांगेत. टिल्लीचा पुन्हा एकदा पट्टीसाठी नंबर लावून घेतलाय कसातरी. तेवढं तरी.

८:५०. परिचारिकेला सांगून ठेवलं, इथे माणसं पडतील, मुलीकडे आधी या. ती म्हणाली, उपाशी आलात का सगळे.

९:३५. गाठ साठ. बासष्ट. छाती उघडली असणार. डावखुरा हात काखेत दाबून बसलाय.

१०:१०. ठोके गेले. बाकाची कड धरली— पण पडले नाही. गाठ उडत नाही, नुसती सलग सरसर चालली आहे, नळातून पाणी जावं तशी. यंत्रावर घेतलं. कुणी पडलं नाही. टिल्ली म्हणते, गुदगुल्या होतात.

१०:२०. गार. गाठ गार पडली. मग तळहात. टिल्लीचा हात दोन्ही हातांत चोळते आहे. बाकी अंग गरम, हात तेवढा गार.

१०:३१. आणखी गार. मुकादम शेजारच्याचा हात धरून बसले. मग त्याने पुढच्याचा. आठही. मुकादमांनी माझ्याकडे बघून मान हलवली. मी रडले. टिल्लीने माझे डोळे पुसले, त्याच गार हाताने.

१०:३८. दार वाजवलं. आतून कुणी येत नाही. ताईंनी मला मागे ओढलं. माझ्यावर ओरडल्या. बरोबर आहे त्यांचं. बाप आहे.

१०:४०. बहीण अजून रांगेत. फोन उचलत नाही. टिल्लीला उचलून तातडीच्या विभागात— जिना कुठला— तिचं वजन— माझे पाय गार नाहीत पण चालत नाहीत. बसले. जिथे बसले तिथेच भिंतीला टेकवलं तिला. इथे माणसं येतात-जातात. कुणीतरी बघेल.

अक्षर वाईट येतंय. बोटं

१०:४४. सरसर कमी. कमी. यंत्र थांबवताहेत. तिला जवळ घेतलं. लिहिणं थांबवलं तर मोजावं लागेल. नको.

टिल्ली हसली. हात झटकून बघितला. माझ्या नाकापुढे धरला. म्हणाली, आई, तू म्हणालीस तस्संच झालं, गेलं बघ, अगदी गे